उन्हाळ्यात अंगावर राहील अशी पँट

दिंडोरी रस्त्यावर मी पडलो तेव्हा मार्च महिना होता. द्राक्षाची तोडणी चालू होती आणि शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी ओली माती डांबरावर आणून टाकली होती. माझा वेग चाळीसच्या आत होता. पुढचं चाक त्या मातीवर सरकलं, गाडी डाव्या अंगावर गेली आणि तिच्यामागून मीही तितक्याच सावकाश घसरत गेलो. उठलो, गाडी उभी केली, किक मारली. ती चालू झाली म्हणून मला वाटलं, फार काही झालेलं नाही.

मग गुडघ्याकडे पाहिलं. टेरीकॉटची पँट तिथे नुसती फाटली नव्हती. घासून तापून कापड वितळलं होतं आणि कातडीला चिकटलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी ते चिमट्यानं काढलं. बराच वेळ लागला. मी छताकडे बघत पडलो होतो.

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याच्या वाटीला बारीक चीर आहे. ही भरून येईल. पण याच जागी पुन्हा आपटलात तर तारेनं बांधावी लागेल. मग मांडी घालून बसणं विसरायचं आणि किक मारणंही."

दोन हजार साल नुकतंच उलटून गेलं होतं. मी नाशिकच्या एका ठिबक संचाच्या विक्रेत्याकडे फिरतीच्या कामावर होतो. ज्यांनी संच घेतले त्यांच्या मळ्यात जायचं, फिल्टर तुंबलाय का, नळ्यांतून पाणी सारखं पडतंय का ते बघायचं, पुढच्या हंगामाची मागणी घेऊन यायची. दिंडोरी, लासलगाव, कधी पार मनमाडपर्यंत. सगळं मोटरसायकलवर. पगारापेक्षा फिरतीच्या भत्त्यावरच घर चालत होतं, दोन मुलं शाळेत होती. मी पडल्यावर मालकांनी दुकानात टेबलावरचं काम देऊ केलं. तिथे फिरती नव्हती, भत्ता नव्हता. माणूस चांगला, त्यांनी मनापासून विचारलं होतं.

बायको बालवाडीत शिकवायची. चारचौघांत ती मला फारसं बोलायची नाही, पण घरी एकदा ठरवलं की मुलांना सांगावं तसं सांगायची. पट्टी सुटली त्या दिवशी तिनं सांगितलं.

"उन्हाळ्यात तुम्ही जाड काही घालणार नाही, हे मला माहितीये. हेल्मेटसुद्धा सिग्नलला डोक्यावरून काढून मांडीवर ठेवता. तेव्हा असं काहीतरी शोधा, जे गुडघा वाचवेल आणि मे महिन्यातही अंगावर राहील. नाही सापडलं, तर जूनपासून टेबल."

"आणि भत्ता?"

"भत्त्याचं मी बघते. गुडघ्याचं मला बघता येणार नाही."

आता अशा पँटी दुकानात टांगलेल्या असतात. तेव्हा नाशकात कुणाला गाडीवर घालायची पँट म्हटलं, की ते रेनकोट काढून दाखवायचे. मेन रोडवर एकानं तर आधी रेनकोट दाखवला, मग पायमोजे आणि शेवटी विचारलं, "लग्नात द्यायचीये का?"

मी देवळाली कॅम्पला जाऊन मिलिटरीच्या वापरलेल्या पँटी बघितल्या. कापड दणकट, पण गुडघ्यावर नुसता दुहेरी थर. चामड्याची एक पँट मिळाली. दुकानातल्या पडद्याआड ती चढवली आणि कमरेचं बटण लावेपर्यंत पोटऱ्यांवरून घाम ओघळायला लागला. ती उतरवायला आतून दुकानदाराला हाक मारावी लागली. तो पाय धरून ओढत होता आणि मी भिंत धरून उभा होतो.

मग मी ठरवलं, नुसतं हातात घेऊन कापड कळत नाही. घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे घेतले, एकेक तुकडा विटेला गुंडाळून सुतळी बांधली आणि घरासमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर ओढत नेला. प्रत्येक तुकड्याला तेवढंच अंतर, तीच वीट. टेरीकॉट पहिल्याच फेरीत गेलं. जीन्स बरीच टिकली. बॅगांच्या दुकानातून आणलेलं सुती कॅनव्हास सगळ्यांत जास्त टिकलं. शेजारचे निवृत्त गृहस्थ कठड्याला टेकून बघत होते.

"गणपतीला अवकाश आहे अजून," ते म्हणाले. "आत्तापासूनच मिरवणूक?"

बायको आतून म्हणाली, "काका, तुम्ही बोलू नका त्यांच्याशी. फेऱ्या चुकल्या तर पुन्हा पहिल्यापासून काढतील."

कापड ठरलं, पण कापडानं मार बसायचा थांबत नाही. त्यासाठी गुडघ्यावर वाटी हवी. खेळाच्या सामानाच्या दुकानात चाकांच्या बुटांवर खेळणारी मुलं बांधतात तशा प्लॅस्टिकच्या वाट्या मिळाल्या. त्या मी साध्या पँटीवरून पट्ट्यांनी बांधून लासलगावला गेलो. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून चालत होतो. एका हमालानं दुसऱ्याला कोपरखळी दिली.

"पॅड बांधून आले साहेब. ओपनिंगला दिसतात."

"एकाच पायाला नाय, दोन्हीला हायेत," दुसरा म्हणाला. "लय भारी बॅट्समन हाय."

"साहेब, कांदा टाकू का एक? फुलटॉस?"

मीही हसलो. पण खरी अडचण वेगळी होती. परत येताना अर्ध्या रस्त्यातच त्या वाट्या घसरून नडग्यांवर आल्या होत्या. वर ओढाव्यात तर पट्ट्यांखाली घामोळं आलेलं. पडलोच असतो, तर गुडघा उघडाच होता.

म्हणून मी आमच्या शिंप्याकडे गेलो. माझे लग्नातले कपडेही त्यांनीच शिवले होते. कॅनव्हास त्यांच्यापुढे ठेवलं आणि काय हवं ते सांगितलं: गुडघ्यावर आणि खुब्यावर कॅनव्हास, मांडीच्या आतून आणि गुडघ्याच्या मागे वारा जाईल असं जाळीचं कापड, आणि गुडघ्याच्या आत एक खिसा, वाटी सरकवायला. जाळी नायलॉनची होती. वितळलेलं टेरीकॉट मी विसरलो नव्हतो. रस्त्याला लागेल तिथे ती नको, हे मी दोनदा सांगितलं.

"साहेब, ही पँट आहे का कोंबड्यांचा खुराडा?" मास्तर म्हणाले. "जाळी काय, खिसे काय."

"शिवून तर बघा."

त्यांनी माप घेतलं. मी सरळ उभा राहिलो, त्यांनी कमरेपासून टेप सोडली, गुडघ्यावर खडूची खूण केली. आयुष्यभर दोघांनीही पँटीचं माप असंच दिलं आणि घेतलं होतं. आठवड्यानं पँट मिळाली. दुकानातल्या आरशासमोर उभा राहिलो तेव्हा वाट्या बरोब्बर गुडघ्यावर होत्या. बाहेर येऊन गाडीवर बसलो आणि गुडघे वाकले. कापड वर ओढलं गेलं आणि दोन्ही वाट्या मांडीवर चार बोटं वर जाऊन बसल्या. मास्तर दारात उभे होते. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं.

"उभ्या माणसाची शिवली की आपण," ते म्हणाले.

मग ते मशीनवरचा खडू घेऊन रस्त्यावर आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि गाडीवर बसल्या बसल्याच गुडघ्यावर खूण केली. मागून येणारे स्कूटरवाले वळून बघत होते. दुसऱ्यांदा शिवलेली पँट गाडीवर अगदी बरोबर बसली. उभं राहिलं की गुडघ्यावर फुगा यायचा आणि मी नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसायचो. पण गाडीवर वारा आतून जात होता. एप्रिलच्या दुपारी ती पँट घालून मी मनमाडहून परत आलो आणि घरी येऊन पंख्याखाली न बसता आधी चहा मागितला. बायकोनं तेवढ्यावरून अंदाज घेतला.

अडचण दिंडोरीकडच्या मळ्यांत आली. तिथे कुणाच्याही घरी गेलं की चपला बाहेर काढायच्या, पडवीत सतरंजीवर मांडी घालून बसायचं आणि मग पाणी, चहा, बोलणं. माझ्या कामातला अर्धा भाग तिथे व्हायचा. सतरंजीवर बसलेला माणूस हळूहळू सांगतो, की मोटर उसनी आणली होती, फिल्टर महिनाभर धुतलाच नाही, नळ्या साफ करायला ॲसिड सोडायचं राहून गेलं. तेवढं कळलं की दुरुस्ती सोपी.

त्या पँटीत मला मांडी घालता येईना. प्लॅस्टिकच्या वाटीची कड गुडघ्याखाली रुतायची आणि गुडघ्याची दुखरी वाटी आतून ठणकायची. पहिल्या घरी मी म्हणालो, "मी खुर्चीवरच बसतो." म्हातारे शेतकरी सतरंजीवर बसले होते. मी वर बसलेला बघून तेही उठले, आतून दुसरी खुर्ची ओढून आणली आणि माझ्यासमोर पाठ ताठ करून बसले. मग सून चहा ट्रेमधून घेऊन आली.

"फिल्टर धुता ना?" मी विचारलं.

"धुतो की साहेब. रोज धुतो."

फिल्टर उघडला तर आत शेवाळाचा लगदा होता.

मी मास्तरांकडून पँटीच्या बाजूला चीर पाडून घेतली आणि तिला बुटांना असते तशी चर्रकन उघडणारी चिकटपट्टी लावली. आता पँट न उतरवता वाट्या बाहेर काढता यायच्या. घराच्या अंगणात शिरण्याआधी वाट्या काढायच्या, हेल्मेटमध्ये ठेवायच्या, आत जाऊन मांडी घालायची. निघताना पुन्हा सरकवायच्या. कल्पना चांगली होती. पण दिवसाला सात-आठ घरं असायची. ऊन वाढलं की घामानं ओल्या खिशात ओली वाटी सरकवायला बोटं आत घालून ढकलावं लागायचं, कापड चिकटायचं, आणि मळ्याच्या तोंडाशी उभं राहून हे करताना कुत्री भुंकायची. तिसऱ्या घरानंतर मी त्या गाडीला लावलेल्या डिकीत टाकायला लागलो. पुढच्या घरी काढायच्याच आहेत, मधे चार किलोमीटर, असं मनाशी म्हणायचो. मग परतीचा रस्ताही तसाच होऊ लागला.

बायको रोज संध्याकाळी त्या वाट्या फडक्यानं पुसून खिडकीत ठेवायची. मे महिन्याच्या सुरुवातीला एकदा तिनं त्या हातात घेतल्या आणि तशाच खाली ठेवल्या.

"आज कोरड्या आहेत."

मी बुटाची नाडी सोडत होतो.

"कालच्याही कोरड्याच होत्या," ती म्हणाली. "पँट पिळून काढण्याइतकी ओली आणि वाट्या कोरड्या. अहो, मी काही पोलीस नाही."

"दर घरी काढायच्या-घालायच्या, होत नाही ते."

"मग मालकांना सांगा, टेबल घेतो म्हणून."

ती रागावलेली नव्हती, थकलेली होती आणि मीही. एवढे दुकानदार, एवढे तुकडे, मास्तरांच्या एवढ्या फेऱ्या, आणि गुडघा होता तिथेच होता. दुसऱ्या दिवशी गुडघा दाखवायला जायचंच होतं, म्हणून वाट्या पिशवीत घातल्या आणि बायकोही बरोबर आली. चपला करणाऱ्यांकडे मिळतो तसा मऊ रबराचा जाड तुकडाही मी नेला होता. तो मांडी घालताना वाकायचा.

डॉक्टरांना सगळं सांगून मी विचारलं, "कडक वाटीच्या मानानं हा किती वाचवेल?"

त्यांनी तुकडा दाबून पाहिला. "निम्म्यानं तरी कमी. पण तुमच्या डिकीतली वाटी तर काहीच वाचवत नाही."

"निम्मं म्हणजे कुठल्या वेगाला?"

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले आणि बायकोकडे बघून हसले. "तुम्ही आणखी कमी वेळ गाडीवर बसलात, तर तेवढं नक्की कमी होईल."

दवाखान्याबाहेर रसवंतीच्या बाकावर आम्ही बसलो. ती म्हणाली, "रबर घालून पूर्ण दिवस फिरायला मी हो म्हणणार नाही. अकरानंतरचं ऊन सोडा. घामानं हात निसटतात, डोळे मिटतात, आणि मग तुम्ही काहीही काढून ठेवता. सकाळचं करा."

"निम्मी घरं होतील."

"होऊ देत."

मी मनातल्या मनात भत्त्याचा हिशोब केला. टेबलापेक्षा बरा निघत होता, पूर्वीपेक्षा बराच कमी. म्हटलं, ठीक.

मास्तरांनी कडक वाटीचे खिसे उसवून त्याच जागी रबराचे दोन थर कायमचे शिवले. काढता येऊ नयेत असे, हे बायकोनं स्वतः जाऊन सांगितलं. गुडघा थोडा तिरका ठेवला की मांडी घालता यायची.

मालकांना मी सांगितलं, टेबल नको, पण मी सहाला निघेन आणि अकराच्या आत दुकानात येईन. ते म्हणाले, "शेतकऱ्यांना जमेल का विचारा." दिंडोरीच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनाच मी पहिला फोन केला.

"सकाळी या ना," ते म्हणाले. "पण या आठवड्यात आमच्याकडं सकाळची लाईट नाय. मोटर चालल्याशिवाय तुम्ही बघणार काय?"

"सकाळची कधी येते?"

"पुढच्या आठवड्यात. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्रीची."

मग मी गावं नव्यानं लावली. ज्या भागाला त्या आठवड्यात सकाळची लाईट, तिकडे त्या आठवड्यात जायचं. कधी एका टोकाला लासलगाव, कधी दुसऱ्या टोकाला दिंडोरी, मध्ये दोन दिवस रिकामे. त्या रिकाम्या दिवसांत दुकानातल्या टेबलावर बसून मालकांची बिलं करायचो, तेही भत्त्याशिवाय. पुढच्या सोमवारी सहाला निघालो तेव्हा पँट आदल्या दिवशी धुतल्यामुळे गुडघ्यापाशी अजून दमट होती. म्हाताऱ्यांच्या घरी पोहोचलो, मोटर चालू होती. ते सतरंजीवर बसले होते. मी डावा पाय तिरका टाकून त्यांच्यासमोर बसलो.

"फिल्टर धुतला नाय महिनाभर," ते म्हणाले. "बघा काय होतंय ते."