कुलूपवाले फोन

मोबाईल रिपेअरीच्या टेबलावरचे बारके स्क्रू रोज हरवतात, किस्से मात्र साठत जातात. विश्रामबागच्या आमच्या दुकानात तर लयच साठलेत. दुकान माझं आणि इरफानचं. मी स्क्रीन बदलायचो. इरफान जुन्या फोनमधली कंपनीची सिस्टीम काढून दुसरी, मोकळी सिस्टीम टाकायचा. मेलेला फोन पळायला लागायचा. पार कराडहून पोरं यायची!

*

एका रिटायर्ड गुरुजींचा फोन असाच करून दिला. दुसऱ्या दिवशी गुरुजी हजर. बँकेचं अ‍ॅप उघडेना, 'हा फोन सुरक्षित नाही' म्हणत होतं.

"गुरुजी, कंपनीची सिस्टीम काढली की बँक बिचकते," इरफान म्हणाला.

"फोन माझा, पैसं माझं. मग बँकेला भ्या कुणाचं? माझंच व्हय?"

*

म्हसवडचे एक मामा, मेंढरंवाले. कुठल्या मेंढीला लस कधी टोचली ते लिहायला भाच्यानं अ‍ॅप बनवून दिलेलं. फोन ते घेईना. 'अनोळखी सोर्स' म्हणून अडवायचा.

मामा भडकले. "अनोळखी? आवं, त्याच्या बारशाला मी व्हतो!"

*

आता नव्या फोनना कंपनीच कुलूप घालते, म्हणजे दुसरी सिस्टीम टाकताच येत नाही; ती कुलुपं उघडतच नाहीत. इरफान दिवसभर स्क्रीनगार्ड चिकटवतो. परवा म्हणाला, "गड्या, पूर्वी लोक विचारायचे, ह्यात काय काय करता येईल? आता विचारतात, ह्यात काय काय चालत न्हाई?"

मी चहा सांगितला.

*

इरफानचे अब्बा मिरजेत सतारी बनवतात. थोरला अस्लम ते काम सोडून दुबईला गेला, तेव्हापासून अब्बा त्याच्याशी बोलत नाहीत. पण कॉलेजात असताना अस्लमनं घरच्या तंबोऱ्याचा आवाज भरून एक अ‍ॅप केलं होतं. अब्बा रोज तेच लावून सतार जुळवायचे.

तो फोन गेला. नव्या फोनवर अ‍ॅप बसेना, 'जुन्या व्हर्जनसाठी आहे' म्हणे. इरफाननं तंबोऱ्याचं दुसरं अ‍ॅप घालून दिलं. अब्बांनी दोन मिनिटं ऐकलं आणि फोन पालथा ठेवला.

अस्लमच्या अ‍ॅपची फाईल इरफानकडं होती. आमच्या ड्रॉवरमधला एक जुना हँडसेट काढून तो तीन दिवस खपला. त्यात जुनी मोकळी सिस्टीम टाकली, अ‍ॅप चढवलं आणि आम्ही दोघं मिरजेला गेलो.

तंबोरा सुरू झाला. अब्बांनी हातातली कानस खाली ठेवली. डोळे मिटून ऐकलं.

मग म्हणाले, "षड्ज जरा उतरलाय. अस्लमला सांग, घरी येऊन लावून जा म्हणावं."