पाच आकड्यांचा भाऊ

आता काय सांगू तुम्हाला, हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा प्या, नाहीतर ठसका लागेल. भुकूममध्ये मला बघून लोक अजून गालात हसतात, ते या घोळामुळेच.

धाकटा भाऊ दत्तू आणि मी. घरं समोरासमोर आणि चार वर्षं बोलणं बंद. कारण काय, तर बांधावरची आंब्याची दोन झाडं. मला दत्तूची आठवण यायची हो. पण आधी बोलणार कोण? मी थोरला ना!

एक दिवस मोबाइलवर मेसेज आला. 'अबोला धरलाय? झालं गेलं विसरायचंय? १ पाठवा.' नंबर पाच आकडी. दत्तू लवळ्याला एका कॉलेजच्या गेटवर कामाला. मी म्हटलं, हा तिथल्या ऑफिसातलाच नंबर. स्वतःच्या फोनवरून लाज वाटली असेल बिचाऱ्याला. पाठवला एक.

मग काय, रोज सकाळी मेसेज. 'राग सोडा, नातं जपा.' माझे डोळे भरून यायचे. दत्तू इतकं शुद्ध कधीपासून बोलायला लागला? पण म्हटलं, कॉलेजात राहून सुधारला असेल. इकडे फोनमधला बॅलन्स भराभर संपायचा आणि मी बायकोवर डाफरायचो, "म्हायेरी किती येळ बोलतीस?"

शेवटी मन मोठं केलं आणि लिहिलं, 'दत्तू, बांधावरचा आंबा तू घे.' लगेच उत्तर, 'चुकीचा पर्याय. १ किंवा २ पाठवा.'

बघा याची हाव! एक झाड पुरत नाही, दोन पाहिजेत. पण भावापुढं झाडाचं काय एवढं? पाठवला दोन. दुसऱ्या दिवसापासून मेसेज दिवसातून दोनदा यायला लागले. म्हटलं, खूश झाला गडी.

रविवारी पेढे घेऊन त्याच्या दारात गेलो.

"दत्तू, तुजी माफी पोचली. दोनी आंबे तुजे."

"कसली माफी?"

मी मोबाइल पुढं केला. त्याच्या मुलीनं, सोनलनं, मेसेज वाचला आणि ओठ दाबून म्हणाली, "मोठे काका, ही कंपनीची सेवा हाय. रोज तुमचं पैसं कापत्यात. आन दोन पाठवून तुमी ती डबल करून घेतलीया."

धरणी दुभंगली असती तर पेढ्यांसकट आत गेलो असतो.

दत्तू भिंतीला टेकून हसायला लागला. "म्हंजे दादा, माजी माफी तूच इकत घेत हुतास व्हय?" डोळे पुसत त्यानं आत हाक दिली, "दादाला च्या टाका." चार वर्षांनी 'दादा' ऐकलं. मला रडूच आलं.

"आन ते आंबे?" मी हळूच विचारलं.

"ते तर तू कवाच दिलंस."

सोनल म्हणाली, "मोठे काका, सेवा बंद करू का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात दत्तू म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मला असलं गोड बोलाया जमायचं न्हाई. माज्या वतीनं ते बोलत्याल, पैसं तू भर."

भरतोय अजून. डबलच.