आठ दिवसांची सर्दी

पोटच्या मुलीला छातीशी धरायचं टाळण्यासाठी मी सर्दी झाल्याचं खोटं सांगितलं होतं. त्याला सात वर्षं झाली. बायकोला हे अजून माहीत नाही.

मुलगी एकतिसाव्या आठवड्यात झाली, दोन महिने आधी. बायकोचं बीपी एकदम चढलं आणि घाटकोपरच्या ज्या हॉस्पिटलात तपासणीला म्हणून गेलो होतो तिथेच सिझर करावं लागलं. बाळाचं वजन बाराशे ग्रॅम. माझ्या सासूबाई वर्सोव्याच्या कोळीण, मासळी नुसती हातात घेतली तरी वजन अचूक सांगतात. नातीला काचेच्या पेटीत बघून त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. हिचं पोटातलं बरंच काम राहिलंय, ते आता बाहेर पूर्ण व्हायचंय. कातडीखाली चरबी साठलेली नाही, म्हणून अंगात ऊब टिकत नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एका वेळी जमायला अजून काही आठवडे जातील, तोवर दूध नळीने. आणि ऊब देण्याचं काम आई-बापाचं. बाळाला फक्त लंगोट नि टोपी घालून उघड्या छातीवर बांधायचं आणि खुर्चीत बसून राहायचं. त्याला तिथे कांगारू केअर म्हणत.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर म्हणाली, "आईला अजून बसवत नाहीये. बाबा, शर्ट काढा आणि या खुर्चीत बसा."

मी पेटीत पाहिलं. पाठीवर काळी लव, पोटाची कातडी एवढी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. मधेच तिचा श्वास थांबायचा, मशीन ओरडायचं, सिस्टर तळपायाला टिचकी मारायची आणि मग श्वास पुन्हा सुरू व्हायचा. हे माझ्या अंगावर झालं तर? टिचकी मारूनही सुरू झाला नाही तर?

"सिस्टर, मला जरा सर्दी झालीये," मी म्हणालो.

पुढे बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो, की बनियन फाटकं होतं, समोर दोन बायका बसल्या होत्या, लाज वाटली. बनियन फाटकं होतंच. पण खरं सांगायचं तर माझी टरकली होती.

सिस्टर दोन पावलं मागे सरकली. "सर्दी आहे आणि आत आलात? या पोरांना साधी सर्दी पण झेपत नाही, कळतं का? बाहेर व्हा आधी. आठ दिवस इथे दिसायचं नाही!"

मला एका दुपारची सुटका हवी होती, मिळाली आठ दिवसांची. आता खरं सांगून टाकावं असं दाराशी जाईपर्यंत दोनदा वाटलं. सांगितलं नाही.

मग ती सर्दी निभवावी लागली. काचेच्या दाराबाहेर मी नाकाला रुमाल लावून उभा राहायचो. खालच्या मजल्यावरून बायकोचा फोन यायचा, "वाफ घेतलीस का रे? ऑफिसात एसीखाली बसू नकोस." टाक्यांनी तिला कूस बदलता येत नव्हती आणि तिला काळजी माझ्या नाकाची. मोबाइलमधलं गरोदरपणाचं अॅप बंद करायचं राहून गेलं होतं. त्याच्या लेखी बाळ अजून पोटातच होतं. एका सकाळी त्यावर मेसेज आला, 'बाळाला आता तुमचा आवाज ऐकू येतो. रोज त्याच्याशी बोला.' मी काचेबाहेर उभा राहून तो वाचला आणि अॅप काढून टाकलं.

माझ्या खुर्चीत सासूबाई बसल्या. वर्सोव्याहून मेट्रोने यायच्या, घरून आंघोळ करून निघालेल्या, तरी हॉस्पिटलात पुन्हा कोपरापर्यंत लिंबू चोळून हात धुवायच्या. "बाजार कुठं पलून चाललाय? पयली पोर," म्हणाल्या. त्यांच्या मागे बाजारातली दरवाजाजवळची जागा दुसरीने धरली. भांडून बघितलं, मिळाली नाही. आजही त्या शेवटी, गटाराच्या बाजूला पाटी लावतात. तिकडून मासे आणायची वेळ आली की मी बायकोला पाठवतो.

आठ दिवस भरले आणि नवव्या दिवशी सिस्टरने मला आत घेतलं. शर्ट काढला, तिने बाळाला माझ्या छातीवर ठेवून वरून फडकं बांधलं. मुलीने एकदा मान हलवली आणि झोपली. अर्धा तास मशीन एकदाही ओरडलं नाही. एवढंच तर होतं. याला मी घाबरलो होतो, आणि या आठ दिवसांत ती दुसऱ्याच्या छातीवर वाढली होती. मला रडू आवरेना. सिस्टरला वाटलं, बापाचं प्रेम.

तेव्हापासून नातेवाइकांत बायको कौतुकाने सांगते, "हा आठ दिवस काचेबाहेर उभा होता. आत जाता येईना म्हणून रडायचा." सगळे माझ्याकडे मायेने बघतात आणि मी पोह्यांची बशी पुढे ओढतो.

गेल्या महिन्यात मुलीला सर्दी झाली. मी गरम पाण्याचा पेला घेऊन खोलीत गेलो, तर ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

"बाबा, लांब बस ना. तुला लागेल. मी बाळ होते तेव्हा तू पण लांब राहिला होतास ना, मला लागू नये म्हणून?"

मी पेला खाली ठेवला आणि तिला ओढून छातीशी धरलं. ती सुटायची धडपड करत होती. "अरे, सर्दी होईल तुला!"

"होऊ दे," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी मला झाली, अगदी खरी. बायकोने पातेलंभर पाणी उकळून आणलं, माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "तुझं नाक ना, पहिल्यापासूनच नाजूक."

टॉवेलखाली मी वाफ घेत राहिलो.