कोरड्या पायांनी नाही

पाक सालेह हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर नाक वर करून वारा हुंगायचे आणि सांगायचे, "अर्ध्या तासात पाऊस." ढग त्यांना विचारल्याशिवाय घराबाहेर पडतच नसत. त्यांनी शीळ घातली की मासे ओळीनं उभे राहात. सिंगापूरचेच मासे ते, रांग लावणारच! हे मी स्वतः पाहिलंय. निदान एका डोळ्यानं तरी.

पाक म्हणजे आपल्याकडचे काका. ते ओरांग लाउत, होडीत जन्मून होडीतच म्हातारं होणाऱ्या समुद्री जमातीचे. समोरच्या बेटावरची त्यांची वस्ती उठली, फ्लॅट मिळाले आणि त्यांची बोली बाराव्या मजल्यावर मुकी झाली. म्हणून दर रविवारी ओहोटीला ते जुन्या कुटुंबांतल्या पोरांना चिखलात उतरवून मासे, वारे, प्रवाह यांची नावं म्हणून घ्यायचे. मी जवळच्या ऑफिसातला इंजिनिअर, हौसेनं जायचो. एकदा फोन पुढे केला.

"पाक, बाकावर बसून सगळं रेकॉर्ड करू या."

"कोरड्या पायांनी?" ते गरजले. "पायाला ठाऊक नसतं ते तोंडात टिकत नाही, इंजिनिअर! बूट काढ."

काढले, आणि कमरेपर्यंत रुतलो. मला उपसायला तेरा माणसं आणि एक होडी लागली.

त्यांची नात लैला मात्र कधी यायची नाही. "परीक्षा आहे लाह, आतोक!" आतोक म्हणजे आजोबा, आणि 'लाह' हे सिंगापुरी बोलण्याचं शेपूट. ते हसायचे, "समुद्र थांबेल गं. मी थांबेन का, ते बघ."

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर इस्पितळाबाहेर सोडेनात. लैलानं रंगाच्या बादलीतून समुद्राचं पाणी आणलं. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, झाकण मी दाबून धरलं होतं. नर्स आधी ओरडली, मग तिनंच पडदा ओढला. पाय बादलीत गेले आणि पाक एकेक नाव सांगू लागले. लैला मागून म्हणायची. चुकली की, "पुन्हा! मासा लाजेल अशानं."

चौथ्या दिवशी ते धक्क्यासमोरच्या दोन बेटांमधल्या प्रवाहाच्या नावाशी आले. लहानपणी रोज वल्हवून ओलांडलेला प्रवाह. तोंड उघडलं, पण नाव येईना. ते नाव ठाऊक असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. लैलाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून म्हणाले, "रडू नकोस. उद्या आठवेल."

पहाटे ते गेले. यात माझं तिखटमीठ नाही.

हल्ली रविवारी लैला चिखलात उतरून शिकवते. समोरच्या त्या प्रवाहाकडे बोट दाखवून पोरं विचारतात, "ह्याचं नाव काय?"

"होतं," ती म्हणते.