उतारावरची खुर्ची

मासातेपे गावात खुर्च्या करणाऱ्यांची वानवा नव्हती. गल्लोगल्ली रंध्याचा आवाज, दारोदारी लाकडाचा भुसा. तरी एवेनोर पुतोयची झुलती खुर्ची लोक लगेच ओळखत. खुर्ची ज्यांच्यावर झुलते त्या कमानी तो खालूनसुद्धा, जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही, आरशासारख्या गुळगुळीत करायचा.

"जमिनीला काय तोंड बघायचंय का त्यात?" वेताची बैठक विणता विणता त्याची बायको तेल्मा विचारायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

त्या वर्षी त्याची थोरली बहीण लिओनोर परसात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डावा पाय थोडा आखूड राहिला. मग संध्याकाळी दारासमोरच्या फुटपाथवर झुलताना ती एकाच पायाने रेटा द्यायची, आणि खुर्ची हळूहळू रस्त्याकडे सरकायची. एकदा तर पार कडेला जाऊन टेकली. तिची मुलगी मारिसेला राजधानीतून, मानाग्वाहून धावत आली. तिने खुर्ची आत ओढली आणि म्हणाली, "पुरे झालं आता. येत्या रविवारी तुला घेऊन जाते."

मानाग्वात मारिसेलाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिओनोर यावर काहीच बोलली नाही, आणि तेच एवेनोरला लागलं. सगळ्या गल्लीला पुरून उरणारी त्याची बहीण गप्प बसलेली त्याने कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी सगळे खुर्च्या बाहेर काढून बसत, येणारे-जाणारे नाव घेऊन, रामराम घालावा तसं 'आदिओस' म्हणत. खुर्ची आत गेल्यापासून तिच्या दारासमोरून मात्र लोक नुसतेच पुढे जात.

"न सरकणारी खुर्ची करून दिली तर?" त्याने भाचीला विचारलं.

"रविवारपर्यंत, मामा. तसूभर जरी सरकली, तर आई माझ्याबरोबर येणार."

त्याने लिओनोरला एका खोक्यावर बसवून दोन्ही पायांची वेगवेगळी मापं घेतली. बैठक डावीकडे थोडी उतरती ठेवली. उठताना धरायला खुर्चीचे हात लांब केले. शनिवारी लिओनोर त्याच्या कारखान्यात येऊन नव्या खुर्चीत बसली, झुलली, आपली आपण उठली. खुर्ची जागची हलली नाही. तेल्माने क्रॉसची खूण केली.

मग त्यांनी खुर्ची लिओनोरच्या फुटपाथवर नेऊन ठेवली, नेहमीसारखी रस्त्याला समांतर, चर्चकडे तोंड करून. चार झोके झाले नाहीत तोच ती रस्त्याकडे वळली.

"एवेनोर," लिओनोर म्हणाली, "तुझी खुर्ची माझ्याआधीच मानाग्वाला निघालीय बघ."

तो मटकन पायरीवर बसला. शेजारच्या फ्लोरिताने धूळ बसावी म्हणून बादलीभर पाणी ओतलं होतं. ते वळसे घेत रस्त्याकडे चाललं होतं. तो बघत राहिला, आणि मग त्याने कपाळावर हात मारला. पाणी साचू नये म्हणून गावातला प्रत्येक फुटपाथ उतरता. आणि त्याने आयुष्यभर खुर्च्या तोलल्या त्या कारखान्याच्या सपाट जमिनीवर. दोन पायांचा रेटा होता तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्याने हत्यारं तिथेच आणली. रस्त्याच्या बाजूच्या कमानीखाली तिच्यासारखीच वाकवलेली लाकडी पट्टी बसवून ती कमान जाड केली. मग कानस घेतली आणि, उतारावर खुर्ची घसरू नये म्हणून, दोन्ही कमानींचा खालचा गुळगुळीतपणा खरवडून काढायला लागला.

"कानस बघा कशी जपून चालवतोय," तेल्मा म्हणाली. "जसं काही पोरीचे लांब केस कापतोय!" पण कमानीचं दुसरं टोक तिनेच घट्ट धरून ठेवलं होतं.

रविवारी मारिसेला आली. तिने कमानींच्या कडेने खडूची रेघ ओढली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. लिओनोर झुलायला लागली. एक म्हातारा टोपी उचलून "आदिओस, डोन्या लिओनोर" म्हणत गेला. शाळेतल्या मुली गेल्या. आईस्क्रीमची गाडी घंटा वाजवत गेली. खुर्ची रेघेवर होती तिथेच होती. लिओनोर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, झग्याला हात पुसले, आणि पुन्हा बसली.

मारिसेलाने वाकून रेघ पुन्हा एकदा पाहिली. "मग... मग ही खुर्चीच नेऊ ना मानाग्वाला. आईसकट."

"तिथे नाही चालायची गं," एवेनोर म्हणाला.

तिला पटेना. तिने आईला उठवून खुर्ची आतल्या सपाट फरशीवर नेली. तिथे ती दारू प्यायल्यासारखी एका अंगाला कलली. मारिसेलाला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि हसताना डोळे पुसावे लागले.

"मामा, हे तू मुद्दाम केलंस!"

"देवाशपथ नाही. एवढी अक्कल असती तर शनिवारी जीव टांगणीला लागला असता का?"

"राहू दे तिला इथेच," ती शेवटी म्हणाली. "मीच येत जाईन."

एवेनोरने खुर्ची बाहेर आणून खडूच्या रेघेवर ठेवली. कमरेतली इतक्या दिवसांची कळ आत्ता कुठे जाणवली, आणि दुखत असूनही बरं वाटलं. लिओनोर बसली, पाय टेकवला, आणि पहिल्या झोक्यालाच पलीकडे हाक मारली, "फ्लोरिता, अगं गुरुवारी तुझ्याकडे कोण भांडत होतं? मला घरात बसून नुसते आवाज येत होते, एक शब्द धड कळेना. ये इकडे, पहिल्यापासून सांग."