पाणी उकळूनच प्या

आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं आली. बाबा शाळेत शिक्षक. संध्याकाळी चळवळीची पत्रकं लिहायचे. छपाईत बिघडलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. छापलं की मागं हटायचं नाही, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं.

मी नांदेडला एम.एस्सी. करत होते. त्या उन्हाळ्यात लोहा तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या गावचा साठवण तलाव हिरवा पडला. काठावर शेवाळाची जाड साय, तिला कुजका वास, आणि नळाला तेच पाणी. अर्जांना उत्तर येईना. मी एकाच बैठकीत पत्रक लिहून काढलं. वर अधिकाऱ्यांच्या नावानं आगपाखड, खाली ठळक अक्षरांत: ‘तोवर पाणी वीस मिनिटं उकळूनच प्या.’ ते कुणाला विचारलं नव्हतं. लहानपणापासून ऐकलेलं होतं, तेवढं पुरेसं वाटलं.

गावच्या बुद्धविहारापुढं मी ते मोठ्यानं वाचलं. मावशी म्हणाली, “बापावर गेलीस. बोलायला लागलीस की घोटभर पाणीबी पीत न्हाईस.” तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं पत्रक चुलीमागच्या भिंतीला खळीनं चिकटवलं.

परतताना मी काठावरचं पाणी तपकिरी बाटलीत भरलं आणि बर्फाच्या डब्यातून नांदेडच्या प्रयोगशाळेत नेलं. पाण्यातलं विष मोजणाऱ्या मॅडमनी नमुना गोठवला, वितळवला, पुन्हा गोठवला. असं तीनदा. कशाला, म्हणून मी विचारलं.

“विष शेवाळाच्या पेशींत असतं. पेशी फुटल्याशिवाय सगळं मोजता येत नाही.”

“आणि उकळलं तर?”

“तरी फुटतात. पण विष उकळून जात नाही, पाण्यातच राहतं. लोकांना तेवढं सांगा, उकळून उपयोग नाही.”

दुसऱ्या दिवशी चाचणीच्या छोट्या खळग्यांत रंग चढला. या चाचणीत रंग जितका फिका तितकं विष जास्त. आमच्या तलावाचा खळगा जवळजवळ पांढरा राहिला. मॅडमनी आकडा लिहून दिला आणि म्हणाल्या, “हे जनावरांनाही पाजू नका.”

मी पहिल्या एसटीनं गेले. मावशी अंगणात दोन करडांना बाटलीनं दूध पाजत होती.

“शेळी कुठंय?”

“गेली परवा. पाय खोडत पडली अन् संध्याकाळपतूर खलास.” तिनं बाटली तिरपी धरली. “तुझ्या कागदापरमाणं तिलाबी उकळूनच पाजून राहिले होते. शेजारणी हसायच्या, शेळीला च्या पाजती म्हणून. मी म्हणलं, मी पिते, मग तिनं का न्हाई?”

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. “मला एक सांग. माझं उकळणं कमी पडलं का? वीस मिनिटं मला कळत न्हाईत. म्हणून मी लई वेळ ठेवायची.”

मावशीलाही आठवडाभर उलट्या होत होत्या, हे तिनं मी विचारल्यावरच सांगितलं. मग एक गोष्ट कळली, जिनं मी खचले. तलाव हिरवा दिसला की गावातल्या बाया दरवेळी माळावरच्या हापशाला जायच्या. दूर पडायचं, गुडघे दुखायचे, पण जायच्या. त्या वर्षी गेल्या नाहीत. उकळलं की भागतं, असं मी छापलं होतं.

शेळीच्या पोटातलं कुणी तपासलं नाही. ती त्या पाण्यानंच मेली, असं मी छापू शकत नाही. पण हापशाची वाट मी मोडली, हे मला ठाऊक आहे.

मी तिथंच, तिच्या पुढ्यात बसून सांगितलं. “मावशे, तुझं काही चुकलं न्हाई. माझ्या कागदातच चूक होती. ते विष उकळून जात न्हाई.”

ती करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मग तू लिव्हलंस कसं?”

“मला वाटलं, मला माहीत हाय.”

मी तिला नांदेडला नेलं. रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले, काळजीचं नाही. नवीन पत्रक काढलं: तलावाचं पाणी उकळूनही पिऊ नका, हापशाचंच प्या, जनावरं काठाला नेऊ नका, आधीचं पत्रक चुकीचं होतं. खाली माझं पूर्ण नाव. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि परत दिलं.

मावशीला मी ते घरात वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली.

“खरं असल,” ती म्हणाली. “पर आता मी आणिक कुणाला तरी विचारीन.”

मग तिनं दोन रिकाम्या घागरी घेतल्या आणि माळाकडं निघाली. एक माझ्याकडं दे म्हणाले, तर दिली नाही.