टाक समजून

माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी आमच्या देवघरातले टाक गेले. इचलकरंजीला वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला होते, तो कारखाना बंद पडला होता. कुळाच्या देवांचे ते चांदीचे टाक आईने फडक्यात बांधून सराफाकडे नेले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जागी सुपाऱ्या मांडून पूजा केली. "देव सुपारीतही येतो," म्हणायची. मी घराण्यातली पहिली पदवीधर झाले. हे मी कुणापुढेही ताठ मानेने सांगते.

पुढे नोकरीने मला सिंगापूरला आणलं. वडील गेल्यावर आईला बुकित बातोकच्या फ्लॅटवर बोलावलं. फोनवर म्हटलं होतं, "ये तर खरी, आपले टाक पुन्हा घडवू." आई सुपाऱ्या घेऊन आली.

त्या वर्षी सिंगापूर स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं होत होती, ब्लॉकभर लाल-पांढरे झेंडे लागले होते. शेजारच्या आजी, युरेशियन, निवृत्त शिक्षिका, ऑपरेशनसाठी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात निघाल्या होत्या. जाताना त्यांनी माझ्याकडे एक वस्तू सांभाळायला दिली. तळहातात मावणारं, चांदीच्या चौकटीतलं एका राणीचं चित्र. अठराव्या शतकातलं, हस्तिदंताच्या पातळ चकतीवर पाण्याच्या रंगांनी काढलेलं, वर काच. कुठल्या देशाची राणी, ते त्यांनाही धड माहीत नव्हतं. पणजीपासून घरात सगळे नुसतं 'क्वीन' म्हणत. आता त्या घरात आजी आणि ती राणी, दोघीच उरल्या होत्या. "आले की दे," म्हणाल्या. मी ती देवांच्या वरच्या फळीवर ठेवली. त्याहून सुरक्षित जागा घरात कुठली?

रविवारी आंघोळ करून आले तर आई ताम्हणापुढे बसलेली. हसत म्हणाली, "बोलली नाहीस ते! रंगीत करून घेतलास होय देवीचा टाक? गोरीपान आहे गं."

ताम्हणात, दूधपाण्यात, राणी बुडालेली होती.

मी ती उचलून पुसली. बाहेरून ठीक दिसत होती. पण काचेच्या कडेने पाणी आत शिरलं होतं. आधी केसांतली निळी फीत विरघळली, मग गाल. ओठांचा लाल हनुवटीवर उतरला. काच नखाने निघेना, आणि निघाली असती तरी मी काय धरून ठेवणार होते? एक चेहरा जात होता आणि मी बघत उभी होते.

"कर की गं काहीतरी," आई म्हणाली. "एवढी शिकलीस."

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना दाखवली. भिंगातून पाहून त्या म्हणाल्या, "नवा चेहरा काढून देईन. पण तो हिचा नसेल." मी नको म्हटलं.

आजींना सांगायला आईच हट्टाने बरोबर आली. खाटेपाशी हात जोडून ती बोलत सुटली. सराफ, सुपाऱ्या, माझं कॉलेज, सगळं. मी इंग्रजीत म्हटलं, "तिला ती देवी वाटली. तिला माफ करा."

"एवढंच? मी एवढं बोलले ते कुठं गेलं?" आई चिडली.

आजी चित्राकडे बघत होत्या. कपाळ आणि एक डोळा उरला होता.

"दोनशे वर्षांतली पहिली आंघोळ, लाह," त्या सिंगापुरी लकबीत म्हणाल्या. हसायला गेल्या आणि रडायलाच लागल्या. आईने त्यांचा हात धरला.

आजी बऱ्या होऊन घरी आल्या. उरलेली राणी त्यांनी पुन्हा आपल्या कपाटावर ठेवली. आईने टाकाचं नाव परत काढलं नाही, आणि मलाही ते काढवेना.

दोन वर्षांनी आईला घेऊन गावी गेले तेव्हा मी तिला न विचारता खंडोबा आणि भवानीचे टाक घडवून घेतले. आईने सुपाऱ्या पंचगंगेत सोडल्या. आमच्या देवघरात आता पुन्हा टाक आहेत.